अंड्याच्या आकाराची कक्षा आणि वापसा नसलेले शेत

मुलांसाठी पृथ्वीवर लिहिलेली पुस्तके गेल्या काही महिन्यांत आम्ही मुद्दाम गोळा केली. काही शाळांच्या ग्रंथालयांतली, काही प्रदर्शनांत घेतलेली, काही जुन्या रद्दीतून काढलेली. डझनभर झाली. छपाई छान, रंग झकास, आणि जवळजवळ प्रत्येकात तीन पाने हमखास आहेत : ऋतू का होतात याची आकृती, ऋतूंची चित्रे, आणि शेतकरीदादाचे एक चित्र. या तीन पानांविषयीच आम्हाला लिहायचे आहे. लेखकांची व प्रकाशकांची नावे देत नाही, कारण चूक कुणा एकाची नाही. ती एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आलेली आहे. आणि फळ्यावर हीच आकृती आम्हीही कित्येक वर्षे काढली आहे.

आधी आकृती पाहू. मध्ये सूर्य, भोवती लांबट अंडाकृती कक्षा, तिच्यावर चार पृथ्वीगोल. लांबच्या दोन टोकांना जून आणि डिसेंबर, जवळच्या बाजूंना मार्च आणि सप्टेंबर. चित्रकाराने कक्षा तिरक्या बाजूने पाहून काढलेली असते, म्हणून ती लांबट दिसते. गोल ताट तिरके धरले की तेही लांबटच दिसते. पण हे मुलाला कोण सांगतो? मूल चित्र जसे आहे तसे वाचते : पृथ्वी कधी सूर्याजवळ जाते, कधी लांब जाते, आणि लांब गेली की थंडी पडते.

खरी कक्षा किती लांबट आहे? शिक्षकांनी हे गणित एकदा मुलांबरोबर करून पाहावे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्वांत दूर, सुमारे १५ कोटी २१ लाख. म्हणजे आपल्याकडे कडाक्याची थंडी असते तेव्हाच आपण सूर्याच्या जवळ असतो! ही कक्षा वहीत १० सेंटिमीटर लांबीची काढली, तर तिची रुंदी लांबीपेक्षा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी कमी भरेल. टोक केलेल्या पेन्सिलची रेघ याहून जाड असते. थोडक्यात, वहीत काढायचे तर कंपासने वर्तुळच काढावे. सूर्य मात्र केंद्रापासून जेमतेम एक मिलिमीटर बाजूला ठेवावा. अंतरातल्या या फरकाने मिळणाऱ्या उन्हात सुमारे सात टक्क्यांचा फरक पडतो हे खरे, पण तो साऱ्या पृथ्वीला एकाच वेळी पडतो. उत्तर गोलार्धात हिवाळा असताना दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो, याचा उलगडा त्यातून होत नाही.

काही पुस्तके इथे सावध आहेत. ती अंतराचे नाव काढत नाहीत, आस २३.५ अंशांनी कललेली आहे असे सांगतात, आणि मग लिहून टाकतात की कललेला भाग सूर्याच्या जवळ येतो म्हणून तिथे उन्हाळा होतो. दारातून घालवलेली चूक खिडकीतून परत आत! पृथ्वीचा सगळा व्यास १२,७४२ किलोमीटर. पंधरा कोटींपुढे तो एका टक्क्याचा शंभरावा भागही होत नाही. कलण्याने अंतर बदलत नाही, ऊन किती तिरपे पडते ते बदलते आणि दिवस किती मोठा ते बदलते. आकृतीतल्या चारही गोलांची आस एकाच दिशेला, ध्रुवताऱ्याकडे, दाखवायला हवी. आमच्या डझनातील तीन पुस्तकांत तीही फिरलेली आढळली.

ही चूक साधी नाही. १९८७ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात तेवीस जणांना ऋतू किंवा चंद्रकला यांचे कारण विचारले गेले. त्यांत विद्यार्थी होते, माजी विद्यार्थी होते, प्राध्यापकही होते. एकवीस जणांची समजूत चुकीची निघाली. त्यावर ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ हा माहितीपट निघाला. लहानपणी पाहिलेले चित्र पदवीनंतरही पुसले जात नाही, हे पुस्तक काढणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे.

आता दुसरे पान. इथे चार ऋतू असतात. बर्फातला हिवाळा, फुलांचा वसंत, समुद्रकिनाऱ्यावरचा उन्हाळा आणि तांबूस पानांची पानगळ. चित्रे युरोपातून आली आहेत हे उघड आहे. (एका पुस्तकात पानगळीच्या चित्राखाली ‘शरद’ असे छापले आहे! आपल्या शरदात शेते हिरवीगार असतात. आपल्याकडच्या पानझडी जंगलात पाने गळतात ती शिशिरात, पाणी कमी पडू लागल्यावर, आणि पावसाला दोन-तीन महिने अवकाश असतानाच कुसुंबाला तांबडी पालवी फुटलेली असते.) पण चित्रे परकी आहेत एवढीच आमची तक्रार नाही. आकृतीने जे कारण सांगितले ते आपल्या अंगणात लागू पडते का, हे कुणी तपासलेलेच दिसत नाही, ही खरी तक्रार आहे.

लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरात आठ तासांहूनही लहान असतो. पुण्यात हेच आकडे साधारण सव्वातेरा आणि अकरा असे आहेत. लंडनला डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर येतो. पुण्यात ४८ अंश. म्हणून आपल्याकडे दुपारी बर्फ नसते, घाम असतो. शिवाय सारा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो. पुण्यात मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यावर. मग २१ जूनला सूर्य डोक्यावर असतो म्हणून तेव्हा उन्हाळा, हे वाक्य पुण्याच्या मुलाने का पाठ करावे? त्या दिवशी पुण्यात दुपारी सूर्य डोक्यावरून उत्तरेला पाच अंश सरकलेला असतो.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, मीटरभर उंचीची सरळ काठी पुरे. पुण्यात २२ डिसेंबरला तिची दुपारची सावली सुमारे ९० सेंटिमीटर, २१ मार्चला ३३ सेंटिमीटर, मेच्या मध्यावर जवळजवळ शून्य, आणि २१ जूनला आठ-नऊ सेंटिमीटर, पण दक्षिणेला! (ढग असतील तर हे हुकते, हेही मुलांना कळू द्यावे.) आणि दुपार म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे, म्हणून मेच्या मध्यावर पुण्यात खरी मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होते. बरोबर बाराला सावली मोजा असे सांगणाऱ्या पुस्तकाच्या लेखकाने काठी कधी उभी केली असेल असे आम्हाला वाटत नाही.

जून-जुलैत सूर्य डोक्याजवळच असूनही आपला सर्वांत तापलेला महिना मे असतो, कारण जूनमध्ये ढग येतात. म्हणजे आपले ऋतू सूर्य एकटा ठरवत नाही, पाऊसही ठरवतो. पावसाळ्याला चार ऋतूंच्या चित्रात जागाच नाही. तो वेगळ्या पानावर, ‘मोसमी वारे’ या मथळ्याखाली येतो. तिथले स्पष्टीकरण असे : जमीन तापते, हवा वर जाते, समुद्रावरून वारे येतात आणि पाऊस पडतो. चुणचुणीत मूल विचारील, मग सर्वांत तापलेल्या मे महिन्यात का पडत नाही? जुलैत जमीन थंडावल्यावर जोर का धरतो? प्रश्न अगदी रास्त आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मोसमी पावसाचा अभ्यास करणाऱ्या सुलोचना गाडगीळ यांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता. विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टा सूर्यामागोमाग उत्तरेला सरकतो, आणि आपला पावसाळा हा त्या सरकण्याचा भाग आहे, अशी मांडणी त्यांनी केली. ती मुलांसाठी सोपी करून लिहिणारे पुस्तक आम्हाला अजून मिळायचे आहे.

तिसरे पान शेतीचे, आणि आम्हाला सर्वांत जास्त खटकते ते हेच. मुसळधार पाऊस पडतो आहे आणि त्यात शेतकरीदादा हसत हसत पेरणी करतो आहे, असे चित्र सात पुस्तकांत सापडले. कोरडवाहू शेतातला कुणीही मुलगा हे चित्र पाहून हसेल. पेरणी पावसात होत नाही, पाऊस थांबून वापसा आल्यावर होते. जादा पाणी निथळून गेले आहे, ओल आहे पण चिखल नाही, मातीच्या कणांमध्ये हवा खेळते आहे, ही जमिनीची स्थिती म्हणजे वापसा. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि टाकला की फुटावा. बियाला पाणी लागते तशीच हवाही लागते, हा वनस्पतिशास्त्राचा धडा या एका शब्दात आहे, आणि डझनभर पुस्तकांपैकी एकातही तो शब्द नाही. पहिल्या सरीला भुलून पेरले आणि पुढे ओढ बसली तर दुबार पेरणी येते. म्हणून चांगला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नये असा सल्ला दिला जातो. वर्गातल्या काही मुलांच्या घरी दुबार पेरणी म्हणजे पुन्हा बियाण्याची उधारी. हसणारा शेतकरीदादा त्यांना काय सांगणार?

आमच्याकडून घडलेली एक गोष्ट इथे कबूल करतो. ‘पेरणी केव्हा करतात?’ या प्रश्नाला एका मुलाने ‘मृगात’ असे उत्तर लिहिले होते. आम्ही ते खोडून ‘जून महिन्यात’ असे लाल शाईने लिहिले. खोडायचे कारण काय होते? सूर्य मृग नक्षत्रात जातो तो ७ किंवा ८ जूनला. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकात तेरा-चौदा दिवस. ही सौर दिनदर्शिकाच आहे. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, त्यामुळे सणांच्या तिथी पुढेमागे होतात आणि त्यांवर पेरणी बेतता येत नाही, म्हणून शेतकरी सूर्यनक्षत्रे धरून चालतो. मुलाच्या उत्तरात आमच्या उत्तरापेक्षा अधिक खगोलशास्त्र होते. मृगाचे वाहन कोल्हा आहे की बेडूक यावर पाऊस ठरत नाही, हे सांगायचेच. पण वाहनाबरोबर नक्षत्रही फेकून द्यायचे नाही. उलट पुढे जाता येते : पृथ्वीची आस भोवऱ्यासारखी हळूहळू फिरत असल्याने ही नक्षत्रे ऋतूंच्या मानाने सुमारे ७१ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. दीड हजार वर्षांपूर्वी मृग ऋतुमानाने तीन आठवडे आधी लागत होता. नववीच्या मुलांना हे गणित सहज जमेल.

दिवसाच्या लांबीचा आणि पिकाचा संबंध तर कुणी काढलेलाच नाही. अमेरिकेच्या शेती खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी सोयाबीन काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा पेरले, तरी ते जवळपास एकाच सुमारास फुलले. उशिरा पेरलेली झाडे लहान वयातच फुलांवर आली. दिवस लहान होत जाणे ही त्यांची खूण होती. हा शोध १९२० साली प्रसिद्ध झाला. आज मराठवाड्या-विदर्भात सोयाबीन घरोघरी आहे. कललेली आस आणि बापाचे शेत यांना जोडणारा याहून सोपा दुवा कुठला?

रब्बीच्या पानावर सगळीकडे गहू आहे. सोलापूरकडची शाळू कुठेच नाही. भाद्रपद-आश्विनात पेरायची, पाऊस संपल्यावर वाढायची, आणि काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर दाणे भरायचे, असे हे पीक. पाऊस जूनमध्ये आणि सुगी माघ-फाल्गुनात कशी, हे चित्रातून दाखवायचे तर जमीन उभी कापून तिच्यातली ओल महिन्यागणिक खाली जाताना काढावी लागेल. एका पुस्तकात मात्र, जुन्या आणि कव्हर फाटलेल्या, लेखकाने शेवटची चार पाने कोरी सोडून त्यांवर फक्त बारा महिने छापले आहेत आणि ‘तुझ्या गावात या महिन्यात शेतात काय असते ते लिही’ एवढेच म्हटले आहे. आमच्या हाती आलेल्या प्रतीत कुणीतरी पेन्सिलीने जून ते सप्टेंबर भरले आहेत. ऑक्टोबरच्या रकान्यात ‘तूर उभी’ एवढेच आहे.