चांदवडचा शब्दवारसा आणि कीर्तनातला दृष्टांत

नाशिकच्या साहित्यिक थोरवीबद्दल कोणाला सांगावे लागत नाही. १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय, तात्यासाहेब शिरवाडकरांचे म्हणजे कुसुमाग्रजांचे वास्तव्य, वसंत कानेटकरांची नाटके, २०२१ मध्ये भरलेले ९४ वे साहित्य संमेलन, हे सारे सर्वांना ठाऊक आहे. त्याच नाशिकहून आग्रा रोडने सुमारे ६५ किलोमीटर गेले की चांदवड लागते. चांदवड म्हटले की रेणुकामाता आठवते, अहिल्यादेवींचा रंगमहाल आठवतो, राहुड घाट आणि कांद्याचा बाजार आठवतो. चांदवडचे वाङ्मय कोणते, असा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारायला हवा, आणि वारकऱ्याने तर विचारायलाच हवा, कारण त्याच्या उत्तरात आपल्या कीर्तनाच्या अंगणातला एक जुना प्रश्न दडलेला आहे.

आरंभ जरा दुरून करू. देवगिरीच्या यादवांचा मूळपुरुष दृढप्रहार. त्याने चंद्रादित्यपूर नावाचे नगर वसवले, असा उल्लेख वसईच्या यादवकालीन ताम्रपटात आहे, आणि ते चंद्रादित्यपूर म्हणजेच आजचे चांदवड, असे इतिहासकार मानतात. या घराण्याची सत्ता पुढे देवगिरीला गेली. त्याच वंशातल्या रामदेवराव यादवांच्या काळात, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. माउलींनी ग्रंथाच्या शेवटी त्या राजाचा उल्लेखही केला आहे. ज्या राजवंशाचे पहिले पाऊल चांदवडच्या डोंगराखाली पडले, त्याच्या अखेरच्या पर्वात मराठी भाषेला तिचा मुकुटमणी मिळाला. पण यातून चांदवडकराने फुशारकी घेऊ नये, बोध घ्यावा. दृढप्रहाराचे नगर आज ताम्रपटाच्या संस्कृत ओळीत शोधावे लागते. निवृत्तिनाथांच्या आज्ञेने सांगितलेली ओवी मात्र खेड्यातल्या न शिकलेल्या म्हाताऱ्या आजीच्याही तोंडी आहे. राजाचा शब्द धातूवर कोरला तरी मागे राहिला आणि संतांचा शब्द कंठात ठेवला म्हणून पुढे आला. चांदवडच्या वास्तूही याच कसोटीवर पाहाव्यात.

रंगमहाल पाहायला येणारे लोक लाकडी खांबांवरची कलाकुसर पाहतात, छायाचित्रे काढतात आणि निघून जातात. त्या वाड्याच्या भिंतींवर रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे आहेत, त्यांपुढे थोडे थांबावे. ज्या काळी छापखाना नव्हता आणि पोथी मोजक्या घरांत होती, त्या काळी भिंतीवरचे चित्र ही सर्वांना वाचता येणारी पोथी होती. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही चित्रातली सीता ओळखता येते, वनवास कळतो. म्हणून रंगमहाल हा मला नुसता राजवाडा वाटत नाही. कथा ऐकलेल्या माणसाने ती पुन्हा डोळ्यांनी वाचावी, अशी ती जागा आहे. चित्र झिजते, रंग उडतो. ती चित्रे जपली पाहिजेत हे खरेच. पण ज्यांना ती कथा ठाऊक आहे असे पाहणारे उरले नाहीत, तर जपलेल्या चित्रालाही बोलता येणार नाही.

अहिल्यादेवींचे नाव निघाले की कीर्तनात हमखास एक कथा येते. ती घडली चांदवडला असे नव्हे, पण त्यांच्या वाड्यासमोर उभे राहिल्यावर ती आठवल्याशिवाय राहत नाही. संगमनेरचे शाहीर अनंतफंदी (१७४४ ते १८१९) तमाशाचा फड गाजवत असत. अहिल्यादेवींनी त्यांना म्हटले की एवढी प्रतिभा देवाच्या कामी का लावीत नाही? आणि फंदींनी तमाशा सोडून कीर्तन धरले. परंपरेने आलेली ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे.

कथा गोड आहे. ती सांगण्याची आपली रीत मात्र तपासण्याजोगी आहे. आपण ती अशी सांगतो की जणू आधीचे सगळे चिखल होते आणि नंतरचे सगळे गंगाजल. लावणी वाईट, कीर्तन चांगले, इतक्यावर कथा संपते आणि श्रोते टाळ्या देतात. पण फंदींची रचना समोर ठेवून पाहा. त्यांचे नाव आज मराठीत सर्वांत जास्त कशासाठी टिकले आहे? फटक्यांसाठी. फटका म्हणजे व्यवहारातला उपदेश. गर्व करू नको, परस्त्री आणि परधन यांच्या वाटेला जाऊ नको, संगत पाहून धर, अशी ती शिकवण. पण या फटक्याची चाल कुठून आली? त्यातली थेट अंगावर येणारी हाक, शब्दाला शब्द भिडवणारे यमक, ऐकणाऱ्याला मान डोलवायला लावणारा ताल, हे सारे फडावरचे आहे. डफ-तुणतुण्यावर घडलेली जीभ फंदींनी कापून टाकली नाही. तिला दुसरे काम दिले.

दुसरी गोष्ट अशी. अहिल्यादेवींचे निर्वाण १७९५ चे. म्हणजे फंदींना उपदेश झाला तो त्याआधी. खर्ड्याची लढाईही १७९५ मधलीच आणि तिच्यावर फंदींचा पोवाडा आहे. याचा अर्थ, उपदेशानंतरही शाहिराचा आवाज गप्प झाला नव्हता. मग अहिल्यादेवींनी केले काय? माझ्या मते त्यांनी शाहिराला नाकारले नाही, त्याची योग्यता ओळखली. निंदा करणे कोणालाही जमते. एखाद्याच्या अंगी असलेली शक्ती पाहून तिला मोठे काम सुचवणे, हे राज्यकर्त्याचे आणि रसिकाचेही खरे लक्षण. या कथेतल्या अहिल्यादेवींना नुसत्या शिस्त लावणाऱ्या बाई म्हणून रंगवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्या इथे समीक्षक आहेत, आणि चांगल्या समीक्षकाने जे करावे तेच त्यांनी केले.

आपल्या संप्रदायाला हे नवीन नाही. नाथमहाराजांनी हेच अधिक मोठ्या प्रमाणावर केले. वासुदेव, जोशी, गोंधळी, जोगवा मागणारी स्त्री, यांना त्यांनी दारातून हाकलले नाही. त्यांचेच सोंग, त्यांचीच भाषा घेऊन भारूड घडवले आणि त्यात परमार्थ भरला. चांदवडला रेणुकेच्या डोंगराखाली नवरात्रात उभे राहिले की याचा अर्थ विशेष कळतो. संबळ वाजतो, गोंधळ उभा राहतो, परडी घेऊन जोगवा मागितला जातो. हे सारे शाक्त परंपरेचे, आपले नव्हे, असे म्हणून वारकरी बाजूला झाला असता तर नाथांचा जोगवा मराठीला मिळालाच नसता. नाथांनी आईकडे जोगवा मागितला, पण झोळीत धान्याऐवजी बोध मागितला. संबळाचा सूर तोच राहिला, मागणे बदलले.

आता आजच्या चांदवडकडे येऊ. या तालुक्याच्या मातीतून आज चांगली कविता उगवते आहे. काजीसांगवीचे कवी ऐश्वर्य पाटेकर यांच्या ‘भुईशास्त्र’ या संग्रहाला २०११ मध्ये साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. ‘जू’ हे त्यांचे आत्मकथनही वाचकांपर्यंत पोहोचले आहे. चांदवडचे विष्णू थोरे कवी आहेत आणि चित्रकारही. या लेखनात पाऊस, पेरणी, कर्ज, कोरडी विहीर, बाईचे कष्ट, आईची माया असा सगळा आपलाच संसार आहे. ‘जू’ हा शब्दच पाहा. बैलाच्या मानेवर असते ते जू, आणि घरातल्या बाईच्या मानेवर असते तेही जूच. शेतकऱ्याच्या घरात वाढल्याशिवाय एवढ्या एका अक्षराला इतके वजन देता येत नाही.

तरीही आपल्या सप्ताहांच्या मंडपात यांचे नाव ऐकू येत नाही. सिनेमातल्या गाण्याच्या चाली आपण अभंगाला लावतो, मोबाइलवर आलेले विनोद दृष्टांत म्हणून सांगतो, आणि आपल्याच शिवारातल्या कवीने आईवर काय लिहिले आहे ते आपल्याला माहीत नसते. हा दोष कोणा एका महाराजांचा नाही, आपल्या सर्वांच्या वाचनाचा आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. वारकरी कीर्तनाला शिस्त आहे. अभंग संतांचाच घ्यायचा, प्रमाण संतवचनाचेच द्यायचे. आजच्या कवीची ओळ ज्ञानोबा-तुकोबांच्या ओळीशेजारी कशी बसवायची? बसवू नयेच. प्रमाण ते प्रमाण. पण कीर्तनात प्रमाणाबरोबर दृष्टांतही असतो. प्रमाण सिद्धांताला आधार देते आणि दृष्टांत तो सिद्धांत ऐकणाऱ्याच्या अंगणात आणून ठेवतो. माउलींनी ज्ञानेश्वरीत दृष्टांतांचा पाऊस पाडला तो शेतातून, स्वयंपाकघरातून, पाणवठ्यावरून. ज्याला आजचे शेत आणि आजचे स्वयंपाकघर दृष्टांतात आणायचे आहे, त्याने आजचा कवी वाचायलाच हवा. प्रमाणाची जागा अढळ ठेवून दृष्टांताचे दार उघडे ठेवावे, एवढेच मागणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. या कवितेत दुःख आहे, पण पांडुरंग नाही. सांत्वन नाही. मग ती ऐकून भाविकाला काय मिळेल? मला वाटते, सांत्वन देण्याचे काम कीर्तनकाराचे आहे, कवीकडून ते मागू नये. १६३० च्या दुष्काळात तुकोबारायांचा संसार उद्ध्वस्त झाला. त्या दुःखाला त्यांनी लपवले नाही, देवाशी भांडतानाही ते झाकले नाही. दुःख नीट पाहिल्याशिवाय विठ्ठलाची ओढ खरी होत नाही. जो कवी आपल्या गावाचे दुःख आपल्यासमोर खरे मांडतो, त्याने आपले अर्धे काम केलेले असते. उरलेले अर्धे आपल्या विणेकऱ्याच्या आणि टाळकऱ्यांच्या स्वाधीन असते. सावतोबांनी मळ्यातच पंढरी पाहिली. पण त्यासाठी आधी मळा नीट पाहावा लागतो.

अर्थात जे नवे तेच चांगले, असेही नाही. आजच्या ग्रामीण कवितेत पुष्कळदा दुःखाचे भांडवल होते, एकच रडगाणे पुन्हा पुन्हा ऐकू येते. तिथे अहिल्यादेवींची नजर हवी. शब्दात शक्ती आहे का, त्या शक्तीला पुढे जायला वाट आहे का, आणि ऐकून माणूस अधिक मऊ होतो की अधिक कडवट, या तीन प्रश्नांनी कविता पारखावी. जी पारखून उतरेल तिला मंडपात जागा द्यावी.

चांदवडची वाङ्मयीन संस्कृती म्हणजे काय, याचे उत्तर म्हणूनच मला रंगमहालाच्या दगडात किंवा पुरस्कारांच्या यादीत पुरते सापडत नाही. चित्रातली कथा, संबळावरचा जोगवा, संगमनेरच्या शाहिराचा फटका, काजीसांगवीच्या कवीचे जू, आणि या सगळ्यांना एका सुरात धरणारा टाळ, असे हे गाव आहे. पौष वद्य एकादशीसाठी जिल्ह्यातल्या दिंड्या थंडीत पायी त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या भेटीला निघतात. निवृत्तिदादांनीच धाकट्या भावाला सांगितले होते की हे ज्ञान लोकांच्या भाषेत आण. ती आज्ञा एका ग्रंथापुरती नव्हती. आपल्या शेजारचा माणूस आपल्या भाषेत काय बोलतो आहे ते ऐकणे, हाही त्या आज्ञेचाच भाग आहे. येत्या सप्ताहाची तयारी करताना कीर्तनकारांनी गाथेशेजारी आपल्या तालुक्यातल्या कवीचे एक पुस्तक ठेवून पाहावे. गाथा गाथेच्याच जागी राहील, आणि श्रोत्याला आपले घर ओळखू येईल.

रामकृष्णहरि.