अधोरेखेला लागलेली दहा वर्षे

संगणकाच्या आज्ञावलीचे परीक्षण करताना आपण बहुधा नवे काय आले एवढेच पाहतो. जुने कसे राखले, हे क्वचितच तपासतो. 'बूटस्ट्रॅप' या फ्रेमवर्कला ही दुसरी कसोटी लावून पाहू.

वेबपाने रचण्यासाठी लागणाऱ्या तयार साच्यांचा हा संच ट्विटर कंपनीतील मार्क ऑटो आणि जेकब थॉर्नटन यांनी घडवला व ऑगस्ट २०११ मध्ये सर्वांसाठी खुला केला. तो कोणीही वाचावा, बदलावा, मोफत वापरावा.

पण बूटस्ट्रॅप स्वतः दुसऱ्यांच्या आज्ञावल्यांवर उभे होते. त्यांतली प्रमुख 'जेक्वेरी'. एप्रिल २०२० मध्ये जेक्वेरीतील सुरक्षेचा दोष दुरुस्त झाला, की तिच्यावर विसंबलेल्या प्रत्येकाला नवी आवृत्ती बसवून सारे पूर्वीसारखे चालते ना, हे पाहणे आले. दरम्यान ब्राउझर ही बरीच कामे स्वतःच करू लागले होते. म्हणून मे २०२१ च्या पाचव्या आवृत्तीत बूटस्ट्रॅपने हा आधार काढून टाकला. निर्णय योग्यच होता.

याच आवृत्तीत मजकुरातील दुव्यांखाली कायमची रेघ आली. पूर्वी ती माऊस नेल्यावरच उमटे. एरवी खूण फक्त रंगाची. ज्याला रंगातला फरक जाणवत नाही, त्याला तेथे दुवा आहे हेच कळत नसे. माहिती केवळ रंगातून देऊ नये, हा नियम डिसेंबर २००८ च्या 'डब्ल्यूसीएजी २.०' या सुगम्यतेच्या मानकात होता. म्हणजे बूटस्ट्रॅपच्या जन्मापूर्वीच! एका रेघेला दहा वर्षे लागावीत, ही या फ्रेमवर्कची मोठी उणीव.

दुसरी उणीव स्थलांतराची. पाचव्या आवृत्तीत अनेक नावे बदलल्याने जुनी पाने नव्यावर नेणे कष्टाचे झाले. चौथीची देखभाल २०२३ च्या आरंभी थांबली. जी पाने तेथेच राहिली, त्यांच्यापर्यंत ही रेघ पोचलीच नाही. दुरुस्ती करणाऱ्याइतकीच ती स्वीकारणाऱ्याचीही जबाबदारी असते.

आणि एक काम कोणतेही फ्रेमवर्क करू शकत नाही. अंध विद्यार्थी स्क्रीन रीडरकडून पानावरील दुव्यांची यादी वाचून घेतो. प्रत्येक दुवा 'येथे क्लिक करा' असाच असेल, तर त्याने कोठे जावे?

शिक्षकांनी आपल्या शाळेच्या संकेतस्थळावरील फक्त दुव्यांचे शब्द कागदावर उतरवून विद्यार्थ्यांना द्यावेत. कोणता दुवा कोठे नेतो हे त्यांना सांगता आले नाही, तर दुरुस्तीची सुरुवात तेथूनच करावी.