उमेदवार आणि उमेदवारी : विद्वत्संस्थांच्या अध्यक्षपदाविषयी एक विचार

'उमेदवार' हा शब्द मराठीत फार्सीतून आला. उमेद, म्हणजे आशा, धरून असलेला तो उमेदवार. कचेऱ्यांच्या मराठीत या शब्दाला आणखी एक अर्थ होता. पुढेमागे जागा मिळेल या भरवशावर विनावेतन काम शिकत बसणाऱ्या तरुणालाही उमेदवारच म्हणत, आणि त्याच्या त्या शिकाऊ काळाला उमेदवारी. 'अमक्या वकिलाकडे त्याने दोन वर्षे उमेदवारी केली' हे वाक्य जुन्या पिढीच्या तोंडी अगदी सहज येत असे. पुढे निवडणुकांचे युग आले आणि शब्दाचा पहिला अर्थ एवढा फुगला की दुसरा जवळजवळ लोपला. आज उमेदवारी 'दाखल' होते, 'मागे घेतली' जाते. ती 'केली' जात नाही. विद्वानांच्या संस्था आपले नेते कसे निवडतात, याचा विचार करताना या लोपलेल्या अर्थाची आठवण ठेवणे उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात हा विचार मुख्यतः अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासंबंधी, आणि त्यातही खानदेशात भरलेल्या संमेलनांच्या अनुरोधाने, करावयाचा आहे. तुलनेसाठी मात्र एक अगदी निराळ्या क्षेत्रातील संस्था घेतली आहे.

ती संस्था म्हणजे अमेरिकन फिशरीज सोसायटी. २० डिसेंबर १८७० रोजी न्यूयॉर्क येथे मत्स्यसंवर्धकांची एक संघटना म्हणून ती जन्मास आली आणि १८८४ मध्ये तिने आजचे नाव धारण केले. मत्स्यविज्ञान हा व्यवसाय असणाऱ्यांची ही संस्था. तिचा अध्यक्ष थेट निवडला जात नाही, ही तिची विशेष गोष्ट. सभासद मत देतात ते द्वितीय उपाध्यक्षपदासाठी. निवडून आलेली व्यक्ती पुढील वर्षी प्रथम उपाध्यक्ष होते, त्यानंतर नियोजित अध्यक्ष आणि चौथ्या वर्षी अध्यक्ष. म्हणजे मतदान आधी आणि पद तीन वर्षांनी. या तीन वर्षांत त्या व्यक्तीने संस्थेचे हिशेब, समित्या आणि भांडणे जवळून पाहावयाची असतात. मराठीतील दोन्ही अर्थ येथे एकाच व्यवस्थेत नांदतात : निवडून येण्यापूर्वीचा उमेदवार आणि निवडून आल्यानंतरची उमेदवारी.

दुसरी गोष्ट लेखनाची. नामनिर्देशन समिती उमेदवारांची नावे ठरवते आणि त्यांचे अल्प चरित्र व निवेदन संस्थेच्या 'फिशरीज' या नियतकालिकात मतदानापूर्वी छापले जाते. हा एक स्वतंत्र गद्यप्रकारच म्हटला पाहिजे, आणि वाङ्मयीन दृष्टीने तो फारसा श्रीमंत नाही. अशा निवेदनांचा साचा ओळखू येण्यासारखा असतो. प्रथम विनय, मग गुरुजनांचे स्मरण, मग विद्यार्थी-सभासदांना अधिक वाव देण्याचे अभिवचन, मग नद्या आणि समुद्र यांवरील संकटांचा उल्लेख, आणि शेवटी सर्वांनी मिळून काम करण्याचे आवाहन. कोणाचाही विरोध ओढवू नये अशा बेताने लिहिलेले हे गद्य असते. दोन प्रतिस्पर्ध्यांची निवेदने शेजारी ठेवली तर नावे झाकून कोणते कोणाचे हे सांगणे कठीण जावे. पायरी-पायरीने वर जाण्याची पद्धतही निर्दोष नाही. जो चार वर्षे कोणालाही न दुखवता चालू शकतो त्याचीच त्या जिन्यावर सोय होते. एमेलीन मूर या तेथील पहिल्या स्त्री-अध्यक्ष १९२७-२८ मध्ये झाल्या, म्हणजे स्थापनेनंतर सत्तावन्न वर्षांनी. आपल्याकडे १८७८ च्या पहिल्या ग्रंथकार संमेलनापासून १९६१ मध्ये कुसुमावती देशपांडे ग्वाल्हेरला अध्यक्ष होईपर्यंत त्र्याऐंशी वर्षे गेली. तेव्हा या बाबतीत कोणी कोणाला शिकवावे असे नाही.

तथापि त्या रुक्ष निवेदनात एक गुण आहे. ते निवडीपूर्वी लिहिलेले असते, छापलेले असते आणि उरते. चार वर्षांनी कोणीही सभासद जुना अंक काढून अध्यक्षापुढे ठेवू शकतो. मराठीतील अध्यक्षीय वाङ्मयाची स्थिती नेमकी उलट आहे. येथे जे लिहिले जाते आणि जपले जाते ते अध्यक्षीय भाषण, आणि भाषण निवडीनंतरचे असते. त्याला पूर्वी दिलेल्या शब्दाचा जामीन नसतो. तापी-गिरणेच्या काठच्या मच्छीमार सहकारी संस्थेत निवेदनाची गरज पडत नाही हे खरे, कारण तेथे उमेदवार आणि मतदार एकाच पाण्यात जाळे टाकतात आणि एकमेकांना ओळखून असतात. साहित्याचा वाचक मुंबईपासून बेळगावपर्यंत आणि नागपूरपासून इंदूरपर्यंत पसरलेला आहे. त्याला ही ओळख कोठून असणार?

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते : लेखकाचे ग्रंथ हेच त्याचे निवेदन. हे उत्तर खानदेशातील पाच संमेलनांवर पारखून पाहण्यासारखे आहे. जळगाव १९३६, धुळे १९४४, अमळनेर १९५२, जळगाव १९८४ आणि अमळनेर २०२४ अशी ही पाच संमेलने; अध्यक्ष अनुक्रमे माधव त्रिंबक पटवर्धन, भार्गवराम विठ्ठल वरेरकर, कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी, शंकरराव खरात आणि रवींद्र शोभणे.

पाचांत पटवर्धनांचे, म्हणजे माधव जूलियनांचे, उदाहरण सर्वांत बोधक आहे. ते फार्सीचे प्राध्यापक. १९२५ मध्ये त्यांचा 'फार्शी-मराठी कोश' प्रसिद्ध झाला, आणि त्यांच्या त्या काळातील कवितेत फार्सी शब्द व फार्सी वृत्ते यांचा वावर इतका मोकळा की टीकाकारांनी त्याबद्दल त्यांना धारेवर धरले. त्याच पटवर्धनांचा 'भाषाशुद्धि-विवेक' १९३८ मध्ये निघाला. परभाषेतून आलेल्या शब्दांना मराठीत स्थान काय, या एकाच प्रश्नाच्या दोन टोकांना ही दोन पुस्तके उभी आहेत, आणि जळगावचे अध्यक्षपद त्यांच्या मधोमध येते. १९२५ चा कोश हातात घेऊन १९३६ च्या अध्यक्षाची भाषाविषयक भूमिका कोणाला सांगता आली असती? ज्याला ग्रंथावरून अध्यक्ष ओळखता येतो असे वाटते, त्याने हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. हे पटवर्धनांचे वैगुण्य नव्हे. जिवंत विचार करणारा लेखक बदलतोच. त्यांची 'छंदोरचना' १९२७ ची, सुधारून वाढवलेली आवृत्ती १९३७ ची, आणि याच ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना १९३८ मध्ये डी. लिट्. ही पदवी दिली. दहा वर्षांपूर्वीचा स्वतःचा ग्रंथ पुन्हा फोडून नव्याने रचणारा हा माणूस जळगावला आला तो असा कामाच्या ऐन भरात. ग्रंथ लेखकाविषयी सांगतो. पुढच्या वर्षभरात तो पदाचे काय करणार, याविषयी ग्रंथ मुका असतो.

कुलकर्ण्यांच्या बाबतीत हे मौन अधिक स्पष्ट होते. 'मराठी भाषा : उद्गम व विकास' (१९३३) आणि 'मराठी व्युत्पत्ति कोश' (१९४६) या ग्रंथांचा कर्ता मराठीच्या इतिहासाबद्दल काय म्हणेल हे वाचक जाणून होते. परंतु १९५२ मध्ये मराठीपुढे प्रश्न भूतकाळाचा नव्हता. १९४६ च्या बेळगाव संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राची मागणी उचलून धरली होती, आणि भाषेचे राज्य अद्याप दूर होते. शब्दाच्या व्युत्पत्तीवरून त्या शब्दाच्या राज्याचे धोरण काढता येत नाही.

वरेरकरांचे तसे नव्हते. 'सत्तेचे गुलाम' (१९२२) लिहिणाऱ्या नाटककाराची सामाजिक मते रंगभूमीवर उघडी पडलेली होती, आणि मामांचा स्वभावही मते झाकून ठेवण्याचा नव्हता. धुळ्याच्या बाबतीत खरे नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. ज्या गावी विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी १९२६ च्या अखेरीस देह ठेवला, आणि जेथे शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ वाङ्मयाच्या शोधात आयुष्य घालवले, त्या गावच्या या दोन्ही कष्टाळू संशोधकांचे नाव अध्यक्षांच्या यादीत नाही. उमेदवारीच्या जुन्या अर्थाने पाहिले तर या दोघांइतकी उमेदवारी कोणी केली होती?

खरातांच्या निवडीत मात्र ग्रंथ आणि पद यांचा मेळ दिसतो. 'तराळ-अंतराळ' हे आत्मचरित्र १९८१ चे. दलित लेखकाचे जीवन आणि मराठवाडा विद्यापीठाच्या कुलगुरुपदाचा अनुभव, दोन्ही त्यांच्या पाठीशी होते. संस्था चालवणे म्हणजे काय हे त्यांना पदाआधीच ठाऊक होते, आणि तीच खरी उमेदवारी होय.

आता निवडीच्या पद्धतीकडे. १९६१ मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि पुण्याची साहित्य परिषद, मुंबईचा साहित्य संघ, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ व मराठवाडा साहित्य परिषद या घटक संस्था त्याच्या आधारस्तंभ ठरल्या. पुढे अध्यक्षाची निवडणूक होऊ लागली ती प्रामुख्याने या संस्थांशी संबंधित मतदारांकडून, आणि अलीकडच्या निवडणुकांत ही मतदारसंख्या हजाराच्या घरात असे. एवढ्या लहान मतदारसंघात उमेदवाराला प्रत्येक मतदाराला पत्र लिहिणे शक्य होते, भेटणेही शक्य होते. आणि म्हणूनच पत्र खाजगी राही, भेट तर त्याहून खाजगी. जाहीर निवेदनाची जागा गाठीभेटींनी घेतली. याचा परिणाम १९९२ च्या कोल्हापूर संमेलनाच्या निवडणुकीत मराठी वाचकाने पाहिला. इंदिरा संत पराभूत झाल्या आणि रमेश मंत्री निवडून आले. मंत्री विनोदी लेखक म्हणून लोकप्रिय होते, आणि मतदारांना त्यांना निवडण्याचा पूर्ण अधिकार होता. पण का निवडले, याचा एकही कागद वाचकापुढे नव्हता. त्या निकालाची बोच आजवर राहिली त्याचे कारण केवळ कवयित्रीचा पराभव हे नसून पराभवाचे हे मुकेपण आहे. ज्ञानपीठ मिळालेल्या चार मराठी लेखकांपैकी खांडेकर व कुसुमाग्रज अध्यक्ष झाले. विंदा करंदीकर आणि खानदेशचेच भालचंद्र नेमाडे झाले नाहीत. मते मागत फिरणे ज्यांना मानवत नाही असे लेखक या पद्धतीत बाहेरच राहणार, ही तक्रार त्यामुळे वाढत गेली.

अखेर २०१८ मध्ये महामंडळाने निवडणूक बंद केली. घटक संस्थांनी नावे सुचवावीत आणि महामंडळाने सन्मानपूर्वक एकाची निवड करावी, असे ठरले. यवतमाळच्या २०१९ च्या संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची निवड या पद्धतीने प्रथम झाली. पुढे फ्रान्सिस दिब्रिटो, जयंत नारळीकर, भारत सासणे, नरेंद्र चपळगावकर, आणि अमळनेरसाठी शोभणे. नावे पाहिली तर सुधारणा फसली असे कोणी म्हणणार नाही. मतांसाठीची वणवण संपली, ही इष्ट गोष्ट झाली. परंतु वणवणीबरोबर उमेदवारही संपला. पूर्वी निदान निरनिराळी नावे वाचकापुढे स्पर्धेत उभी राहत आणि चर्चेला तोंड फुटे. आता निर्णय बंद दाराआड होतो आणि वाचकाला फक्त निकाल कळतो. दोष होता निवेदनाच्या अभावाचा. उपाय झाला तो मतदान काढून टाकण्याचा.

येथे एक प्रबळ आक्षेप विचारात घेतलाच पाहिजे. १९७५ च्या कराड संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी आणीबाणीविरुद्ध जो आवाज उठवला, तो अध्यक्षपदाच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा प्रसंग मानला जातो. तो कोणत्या निवेदनात आधी लिहिला गेला असता? आणि लिहिला असता, तर त्यांची निवड झाली असती काय? आक्षेपात तथ्य आहे. निवेदन धैर्याची हमी देत नाही, आणि मत्स्यसंस्थेच्या साच्यातले निवेदन तर धैर्याला उत्तेजनही देत नाही. परंतु दुर्गाबाईंचे उदाहरण नियम ठरवण्यास पुरेसे नाही. बहुतेक वर्षे कराडसारखी नसतात. बहुतेक वर्षी अध्यक्षापुढे असतात ते ग्रंथालये, शाळांतील मराठी, बोलींची नोंद, संस्थांचे पैसे असे नीरस प्रश्न, आणि या प्रश्नांवर आधी लिहून द्यावयास लावणे यात कोणाच्या धैर्याचा संकोच होत नाही. अहिराणीच्या प्रदेशात संमेलन भरणार असेल, तर बोलींविषयी अध्यक्षाचा विचार काय, हे निवडीच्या वेळीच दोन पृष्ठांत वाचावयास मिळणे ही काही फार मोठी मागणी नव्हे.

१९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले होते. त्याचे अध्यक्ष कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे व्यवसायाने वैद्य आणि व्यासंगाने वनस्पतिशास्त्रज्ञ. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाला 'बालकवि' ही पदवी त्यांनीच तेथे दिली, आणि दोन वर्षांनी बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्या काळचे वर्तुळ लहान होते आणि माणसे एकमेकांच्या कामावरून एकमेकांना ओळखत. ते वर्तुळ आता परत येणार नाही, आणि त्याच्या भरवशावर चालणारी पद्धतही. अमळनेरसाठी शोभणे यांची निवड जून २०२३ मध्ये जाहीर झाली आणि संमेलन २ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाले. मधले सात महिने रूढ प्रथेप्रमाणे सत्कारांचे आणि भाषणाच्या तयारीचे. त्याच सात महिन्यांत नियोजित अध्यक्षाने घटक संस्थांचे काम पाहावे, यजमान जिल्ह्यातील ग्रंथालये व शाळा पाहाव्यात, आणि निवडीच्या दिवशी दिलेल्या निवेदनाला पुरवणी लिहावी, एवढी व्यवस्था महामंडळाला घटनेत फारशी उलथापालथ न करता करता येण्याजोगी आहे.