गाऱ्हाण्यातील घर

कुडाळ तालुक्यातील वालावल हे गाव लक्ष्मीनारायणाचे देवालय, त्यालगतचा तलाव आणि कर्ली नदीचा काठ यांमुळे सर्वपरिचित आहे. परंतु या गावाचे नाव गावात जितके वसते, त्याहून अधिक ते गावाबाहेर वावरते. वालावलकर हे आडनाव लावणाऱ्या अनेकांचा जन्म मुंबईत किंवा त्याहूनही दूर झालेला असतो. घर सुटले तरी घराचा पत्ता नावात उरावा, ही या प्रदेशातील कुटुंबस्मृतीची पहिली खूण होय. या स्मृतीचा वाङ्मयीन आविष्कार शोधू लागले की समीक्षा साहजिकच कथा-कादंबरीकडे वळते. तथापि ज्याला ती सहसा वाङ्मय म्हणत नाही, असा एक आविष्कार येथे पूर्वापार नांदत आहे. तो म्हणजे गाऱ्हाणे.

गणेशचतुर्थीला मूळ घरी भाऊबंद जमतात, शिमग्याला किंवा जत्रेला देवळात गाव जमतो, तेव्हा नारळ ठेवून एक जाणता मनुष्य देवाला उद्देशून मालवणी बोलीत गाऱ्हाणे घालतो. प्रथम दैवतांना हाक, मग जमल्याचे कारण, मग झालेल्या चुकांची क्षमायाचना आणि शेवटी मागणे, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो. मागण्यात शेतीभाती, गुरेढोरे, नोकरी, परीक्षा, आजारपण, सारे येते. चाकरीनिमित्त परमुलखी गेलेल्यांची राखण तर हटकून येते. प्रत्येक टप्प्याला जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात.

या रचनेचे व्याकरण लक्षात घेण्याजोगे आहे. तिच्यात ‘मी’ जवळजवळ नाही; बोलणारा स्वतःला देवाच्या लेकरांपैकी एक समजून सर्वांच्या वतीने बोलतो. तिच्यात भूतकाळ येतो तो बहुधा चुकीच्या रूपाने. एरवी सारी क्रियापदे आज्ञार्थी आणि भविष्याकडे तोंड केलेली. पूर्वज आठवतात, पण त्यांचे वर्णन होत नाही. त्यांनी चालविलेली रीत पुढे चालवून घे, एवढेच देवाला सांगणे असते. आणि श्रोत्यांच्या होकारावाचून ही रचना पूर्णच होत नाही. घर म्हणजे जेथे मनुष्य राहतो ते नव्हे, तर जेथे त्याच्या वतीने कोणी बोलतो आणि त्यास कोणी होकार देतो ते, अशी घराची व्याख्या या रचनेतून आपोआप सिद्ध होते. मुंबईच्या खोलीत आयुष्य घालविणारा मनुष्य या व्याख्येनुसार परगावी राहतो; बेघर मात्र होत नाही.

याच मुलखातील ललित लेखनाशी तुलना केली असता हे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचे जयवंत दळवी यांचे ‘सारे प्रवासी घडीचे’ हे पुस्तक १९६४ साली प्रसिद्ध झाले. गावातील माणसांचे वेडेवाकडेपण त्यात कमालीच्या जिव्हाळ्याने आणि विनोदाने टिपले आहे. परंतु त्या हसण्यामागे ही माणसे एकेक करून निघून जात आहेत ही जाणीव सतत वावरते. शीर्षकच तसे सांगते. आठवणीचे लेखन गेलेल्याची नोंद ठेवते आणि त्याचा वाचक बहुधा एकटा असतो. गाऱ्हाणे गेलेल्याला गेलेला मानावयास तयार नसते. दळवींच्या लेखणीला सर्व प्रवासी दिसतात; गाऱ्हाण्याला सर्व रहिवासीच दिसतात. यात एक दृष्टी खरी व दुसरी भाबडी असा निवाडा करणे अन्यायाचे ठरेल. एकीत वियोगाचे सत्य आहे, दुसरीत नात्याचे.

मात्र गाऱ्हाण्याचे गौरवीकरण करून थांबणेही उचित नव्हे. ते घालण्याचा मान कोणाचा, हे जुन्या क्रमाने ठरलेले असते. घराचा कुलाचार ज्यांच्या हातून पार पडतो त्या स्त्रियांसाठी त्यात मागणे असते, पण बहुधा त्यांचा आवाज नसतो. आणि ज्याला गावाने आपले मानलेच नाही, त्याच्यासाठी कोण बोलणार? या प्रश्नाचे उत्तर चिं. त्र्यं. खानोलकरांच्या लेखनात सापडते. वालावलपासून जवळच असलेल्या तेंडोलीत १९३० साली जन्मलेल्या या लेखकाचे आडनावही खानोली या गावाचेच. ‘गणुराय आणि चानी’ (१९७०) या त्यांच्या पुस्तकातील चानी ही गावातील स्त्रीच्या पोटी गोऱ्या माणसापासून जन्मलेली मुलगी. ती गावातच वाढते, तरी गाव तिला सामावून घेत नाही. तिच्यासाठी कोणी नारळ ठेवणार नाही, कोणी होकार भरणार नाही. जमावाचा होकार ज्यांना घर देतो, त्यांच्याच होकारातून दुसऱ्या कोणाचे बेघरपण निर्माण होते, हे कटू सत्य गाऱ्हाणे सांगू शकत नाही. ते खानोलकरांची कथा सांगते. ललित वाङ्मयाची गरज येथे सिद्ध होते.

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाल्यापासून मूळ घरी पोचणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले. तथापि वर्षाचे अकरा महिने कुलूप असलेली घरे या पट्ट्यात थोडी नाहीत. वाडवडिलांच्या घरातील गणपती वाटणीनंतर वेगळे होतात, जाणते लोक कमी होतात आणि बोली न समजणारी पिढी होकार भरताना अडखळते. अशा वेळी गाऱ्हाणी टिपून घेणे हे संशोधकांचे कर्तव्य होय. पण ती केवळ बोलणाऱ्याच्या शब्दांत टिपली तर अर्धीच हाती लागतील. प्रसंग, घराणे, हजर कोण, गैरहजर कोण आणि होकार कोठे पडला, हे सारे नोंदले पाहिजे. कारण या रचनेचा प्राण मागण्यात जितका आहे, त्याहून अधिक तो होकारात आहे. घर पडले तरी चिरे उरतात. होकार थांबला की घराचे नाव केवळ आडनाव होऊन राहते.