'पाव'ची कुळकथा : ध्वनिसाम्य आणि व्युत्पत्ती

दोन शब्द कानाला सारखे लागले की त्यांचे कूळ एकच, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. तो किती फसवा आहे हे पाहायला रोजच्या न्याहारीतला 'पाव' पुरेसा आहे.

या शब्दाविषयी दोन कथा सर्रास सांगितल्या जातात. पहिली, पावाचे पीठ पायांनी तुडवतात म्हणून तो 'पाव'. दुसरी, तो मोठ्या रोटीचा चौथा हिस्सा म्हणून 'पाव'. दोन्ही कथा ऐकताक्षणी पटतात, आणि धोका नेमका तिथेच आहे.

मराठीत 'पाव' हे रूप तीन वेगळ्या वाटांनी आले आहे. चतुर्थांशवाचक 'पाव' संस्कृत 'पाद'पासून आला. चतुष्पादाचा एक पाय म्हणजे चौथा भाग. 'पाऊण' हा त्याचाच सोयरा : पाद + ऊन, म्हणजे पावाने कमी. 'देवा, पाव' यातले क्रियापद 'प्र + आप्' पासूनचे. खाण्याचा पाव मात्र पोर्तुगीज 'पांव'चा, आणि त्यामागे लॅटिन 'पानिस'. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. त्यांच्याबरोबर भाजण्याची नवी रीत आली आणि पीठ फुगवायला इथली माडाची सूर कामी आली. पदार्थाबरोबर तो करणाऱ्याचे नावही आले. कोंकणीतला 'पदेर' किंवा 'पोदेर' म्हणजे पोर्तुगीज 'पादेइरु'. बटाटा, पगार, चावी, परात हे शब्दही त्याच वाटेचे. गोव्याचे पंडित सेबास्तियांव रोदोल्फु दालगादो यांनी आशियाई भाषांतल्या अशा शब्दांचा संग्रह १९१३ मध्येच प्रसिद्ध केला होता.

आता त्या दोन कथा तपासू. पायाला 'पाँव' हिंदीत म्हणतात. मराठी माणूस 'पाय' किंवा 'पाऊल' म्हणतो. तुडवण्याची कथा मराठीत उपजलेलीच नाही. चौथ्या हिश्श्याची कथा लादी हातात घेतली की संपते, कारण लादीत चारच पाव असावेत असा कोणताही नेम नाही. निर्णायक साक्ष जपानची आहे. पोर्तुगीज १५४३ मध्ये तिथे पोचले, आणि जपानी माणूस आजही या पदार्थाला 'पान' म्हणतो. त्याच्या भाषेत या शब्दाला ना पायाचा अर्थ आहे, ना पावशेराचा.

याउलट जुन्या कन्नडात 'पावु' म्हणजे साप. पुढे 'प'चा 'ह' होऊन तो 'हावु' झाला. तमिळचा 'पांबु' आणि तेलुगूचा 'पामु' ही त्याची भावंडे. द्राविड कुळातल्या या शब्दाचा आपल्या पावाशी काडीचाही संबंध नाही. मानवी तोंडातून निघणारे ध्वनी मोजके आणि भाषा हजारो; असे योगायोग घडणारच. फारसीत 'बद' म्हणजे वाईट आणि इंग्रजीतही 'बॅड' म्हणजे वाईट, तरी त्या दोघांचे मूळ वेगळे.

खरी गंमत पुढे आहे. मराठी आणि पोर्तुगीज या दूरच्या नात्याने एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या. मग आपल्या चतुर्थांशवाचक 'पाव'चा पोर्तुगिजातला सख्खा भाऊबंद कोणता? 'पांव' नव्हे, तर 'पे' : पायाला तिथे 'पे' म्हणतात. संस्कृत 'पाद' आणि लॅटिन 'पेदेम' एकाच मूळ शब्दातून निघाले. जे रूप सारखे दिसते ते परके, आणि जे ओळखू येत नाही ते नातलग! नाते ठरते ते ध्वनिबदलाच्या नियमितपणावरून. उसनवारी ठरते ती पदार्थ आणि माणसे कोणत्या वाटेने आली यावरून. नुसते साम्य दोन्हींपैकी काहीच सिद्ध करत नाही.

हा केवळ कोशकारांचा वाद नाही. पाव-बिस्किटे हा आपल्याकडे एके काळी धर्म बुडाल्याचा पुरावा होता. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून ग्रामण्य झाले आणि नामवंतांवर प्रायश्चित्ताची पाळी आली. पीठ तुडवण्याची कथा त्याच विटाळाच्या भावनेला व्युत्पत्तीचा पोशाख चढवते आणि भट्टीपाशी रात्र काढणाऱ्या कारागिराला सहज हिणवून जाते. कुठे पायांनी पीठ मळले असेल किंवा नसेलही. शब्दाची तशी साक्ष नाही. चुकीची व्युत्पत्ती निरुपद्रवी असते असे म्हणणाऱ्यांनी एवढा एक पाव तरी आठवावा.