प्रभातची तुतारी आणि आपले बारा सेकंद

मंडळी, नाटकवेड्या मराठी माणसाला तिसरी घंटा म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. पहिल्या घंटेला आपण हातातला बटाटेवडा संपवतो, दुसरीला खुर्ची शोधतो आणि तिसरीला गप्प बसतो. चित्रपटात, आणि हल्ली कंपन्यांच्या व्हिडिओंमध्येही, हे तिसऱ्या घंटेचं काम सुरुवातीला हलणारं बोधचिन्ह करतं. आमच्या धंद्यात त्याला ‘ॲनिमेटेड लोगो’ म्हणतात. मामला जेमतेम तीन-चार सेकंदांचा! पण एवढ्याशा गोष्टीवरही समीक्षा व्हायला हवी असं मला वाटू लागलं आहे. कारण ही घंटा दिवसेंदिवस लांबत चालली आहे आणि नाटक आखूड होत चाललं आहे.

आमच्या ओलायामध्ये एका बाजूला फैसलिया टॉवरचा काचेचा गोल आणि दुसऱ्या बाजूला किंगडम टॉवरची ती मोठ्ठी कमान. या दोघांच्या मधल्या रस्त्यावर कार्यालयांची नुसती दाटी आहे. माझं काम सॉफ्टवेअर सल्लागाराचं. नवी प्रणाली बसवली की ती वापरायची कशी, हे कर्मचाऱ्यांना शिकवणारे छोटे व्हिडिओही आम्हालाच करावे लागतात. अशाच एका कामात ग्राहक कंपनीने (नाव कशाला घ्या!) तयार करून घेतलेला लोगो आमच्या हाती दिला. त्यात काय नव्हतं? आधी अवकाशातून पृथ्वी फिरत येते, मग तिच्यावर प्रकाशाच्या रेघा धावतात, रियाधच्या इमारती जमिनीतून उगवतात, त्यांच्यावरून एक ससाणा उडत जातो आणि त्याच्या पंखांतून कंपनीचं नाव सोन्यासारखं चमकत बाहेर पडतं. सोबत ढोल. एकूण बारा सेकंद.

आता साधा हिशेब करू. व्हिडिओ होते चाळीस, प्रत्येकी दीड मिनिटाचे. चाळीस वेळा बारा सेकंद म्हणजे आठ मिनिटं. दोनशे कर्मचाऱ्यांनी ते सगळे पाहायचे, म्हणजे सोळाशे मिनिटं, जवळजवळ सत्तावीस तास! तीन माणसांचा पूर्ण दिवसाचा पगार एका ससाण्यावर उधळला. आणि एवढं करून ती कंपनी काय करते, हे बारा सेकंदांत कुणालाही कळत नव्हतं. नाव झाकलं तर तोच लोगो बँकेला चालला असता, सिमेंटला चालला असता आणि विमान कंपनीलाही!

इथेच मला आपल्या ‘प्रभात’ची आठवण होते.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे तिचे भागीदार. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. ज्या जागेत तिचा स्टुडिओ होता, तिथेच १९६० पासून आजची फिल्म इन्स्टिट्यूट आहे. प्रभातचं बोधचिन्ह काय, तर तुतारी फुंकणारी स्त्री. बस्स! ना पृथ्वी, ना प्रकाशाच्या रेघा.

पण त्यातली योग्यता पाहा. कंपनीचं नाव पहाट, आणि पहाटेचं काम जागं करणं. तुतारी आपल्याकडे वाजते ती कुणीतरी येत आहे हे सांगायला, मग ती पालखी असो, वरात असो की राजाची स्वारी. म्हणजे नाव, चित्र आणि पडद्यावर पुढे काय घडणार याची वर्दी, या तिन्ही गोष्टी एकाच कृतीत आल्या. शिवाय कंपनी निघाली तेव्हा चित्रपट मुके होते. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ने प्रभातला वाणी दिली. तुतारीचं चित्र गप्प राहिलं तर अपुरं वाटतं, ते नाद मागतं. बोलपटाने तो नाद दिला आणि खूण पूर्ण झाली. हालचाल आणि आवाज वरून चिकटवलेले नव्हते, ते चित्राच्या पोटातच होते. चांगल्या ॲनिमेटेड लोगोची माझ्या मते हीच पहिली कसोटी : हालचाल काढून घेतली तर अर्थ कमी झाला पाहिजे. ससाणा काढून घेतल्यावर काय कमी होतं? फक्त बिल!

शांतारामबापूंनी पुढे प्रभात सोडली आणि १९४२ साली मुंबईत परळला ‘राजकमल कलामंदिर’ काढलं. वडील राजाराम आणि आई कमल, यांच्या नावांवरून हे नाव. त्याचं बोधचिन्हही आठवत असेल : कमळात उभी राहून फुलं उधळणारी स्त्री. सुंदर आहे, डौलदार आहे, पण मला विचाराल तर तुतारीच्या एक पायरी खाली. कमळ नावातून आलं हे खरं. पण फुलं उधळणं हे कुठल्याही मंगल प्रसंगी शोभतं. तुतारी मात्र प्रेक्षकाला काहीतरी सांगते. एकात सजावट आहे, दुसऱ्यात हाक आहे.

माझ्या पिढीचा लोगो अर्थातच दूरदर्शनचा. दूरदर्शन १९७६ मध्ये आकाशवाणीपासून वेगळं झालं, आणि त्याचं चिन्ह अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये देवाशीष भट्टाचार्य या विद्यार्थ्याने काढलेल्या रेखाटनातून आलं. दोन वक्र आकार, मध्ये गोल, आणि त्यातून होणारा डोळा. आर. एल. मिस्त्री यांनी त्याच आकाराच्या प्रती कॅमेऱ्याखाली फिरवत फिरवत त्याला गती दिली. संगणक नाही, काही नाही! सोबतीला पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची धून. इथेही तुतारीचाच नियम दिसतो. विखुरलेले आकार फिरत जवळ येतात आणि डोळा तयार होतो. ‘दूरचं दर्शन’ हे नावच डोळ्यासमोर घडतं.

आता कुणी म्हणेल, “अहो, हा सगळा आठवणींचा खेळ आहे! एकच चॅनल होतं, दुसरं काही बघायलाच नव्हतं, म्हणून ती धून डोक्यात बसली.” हा आक्षेप रास्त आहे. आपल्याला आठवतं म्हणून ते चांगलं, असं म्हणणं ही समीक्षा नव्हे. चित्रपटगृहातल्या प्रेक्षकाने तिकीट काढलेलं असायचं, तो पळून जाणार नव्हता. आजचा प्रेक्षक अंगठा पडद्यावर ठेवूनच बसलेला असतो. त्यामुळे प्रभातची तुतारी आज जशीच्या तशी उचलून चालणार नाही. उचलायची ती काटकसर.

आणि ही काटकसर जगातले मोठे लोकही पाळतात. इंटेलची ती प्रसिद्ध धून वॉल्टर वेर्झोवा यांनी १९९४ मध्ये केली, ती जेमतेम तीन सेकंदांची. नेटफ्लिक्सचा ‘टु-डुम’ घरच्या पडद्यावर काही क्षणांत आटपतो. मात्र चित्रपटगृहासाठी त्यांनी हान्स झिमर यांच्याकडून वेगळी, लांब आवृत्ती करून घेतली. म्हणजे बघा, खूण एकच, पण प्रेक्षक कुठे बसला आहे हे पाहून लांबी ठरवली. आपल्या ग्राहक कंपनीने मात्र चित्रपटगृहाचा लोगो मोबाइलवर चालणाऱ्या दीड मिनिटाच्या पाठाला जोडला होता.

आणखी एक मुद्दा इथे राहून लक्षात आला, तो लिपीचा. इथल्या बऱ्याच कंपन्यांची नावं अरबी आणि इंग्रजी अशी दोन्ही लिहिलेली असतात. नाव डावीकडून उजवीकडे उलगडत नेलं की इंग्रजी नीट वाचता येतं, पण अरबी नाव शेवटच्या अक्षरापासून उघडतं! शिवाय अरबी अक्षरं एकमेकांना जोडलेली, आणि शब्दात कुठे आहेत त्याप्रमाणे रूप बदलणारी. एकेक अक्षर उडत येऊन बसण्याची जी हौस इंग्रजीत भागते, ती अरबीत केली की शब्दाची मोडतोड होते.

आपल्या देवनागरीचं दुखणंही असंच. ‘प्रभात’ हा शब्द टंकयंत्रासारखा एकेक खूण करत उमटवा : आधी ‘प’, मग त्याला हलन्त, मग ‘र’ आल्यावर एकदम ‘प्र’. ‘मिळून’ लिहायला घ्या : ‘म’ उमटतो आणि वेलांटी आली की उडी मारून बाजूला सरकतो. इंग्रजीसाठी बनवलेला तयार साचा विकत घेऊन त्यात मराठी नाव ओतलं की ही गंमत हमखास होते. मराठी मंडळांच्या कितीतरी व्हिडिओंत हे दिसतं आणि कुणालाच खटकत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

कारण आपले व्हिडिओ तरी कशाचे असतात? कुणाची नात पहिल्यांदा मराठीत चार वाक्यं बोलते, कुणाचा मुलगा तबल्यावर पहिला कायदा वाजवतो. ते पाहायला साताऱ्यात, नाशकात, डोंबिवलीत आजी-आजोबा मोबाइल डोळ्यांजवळ धरून बसलेले असतात. त्यांना आधी गुढी, मग मशाल, मग गड, मग खजुराचं झाड, मग फिरती पृथ्वी असं सगळं दाखवून नातीला ताटकळत ठेवायचं? इतकं सगळं दाखवावंसं वाटतं, कारण आपण परदेशात आहोत आणि आपण मराठी आहोत हे सिद्ध करायची घाई असते. पण ते काम नातीची चार वाक्यं लोगोपेक्षा कितीतरी चांगलं करतात.

नुसती टीका करून थांबणं बरं नव्हे, म्हणून एक सूचना. शाळेत पाटीवर आपण शब्द कसा लिहायचो? आधी अक्षरं काढायची आणि मग वरून एक रेघ ओढायची. तीच हालचाल घ्या. कोऱ्या पडद्यावर मंडळाच्या नावाची अक्षरं सुटी सुटी, पण पूर्ण रूपात उभी आहेत. डावीकडून एक शिरोरेषा निघते आणि सगळ्यांना जोडत उजवीकडे जाते. झालं! अडीच सेकंद, म्हणजे टीव्हीच्या हिशेबाने साठ-पासष्ट फ्रेम्स. आवाज पाटीवरच्या पेन्सिलीचा, आणि मोबाइल मुका असला तरी काही बिघडत नाही. ठिकठिकाणाहून आलेली घरं एका रेघेखाली येतात, हे मंडळाचं कामच आहे. ही हालचाल आपल्यासारख्या शिरोरेषेच्या लिपीतच शक्य आहे, त्यामुळे नाव झाकलं तरी ती आपली वाटेल.

शेवटी एक गोष्ट विसरून चालणार नाही. प्रभातच्या तुतारीला मान मिळाला तो नुसत्या तुतारीमुळे नव्हे. तिच्यामागून ‘संत तुकाराम’ आला, ‘कुंकू’ आला, ‘माणूस’ आला. तुतारीने वर्दी दिली आणि दरवेळी खरोखरच कुणीतरी मोठं आलं! लोगो म्हणजे दिलेला शब्द. तो पाळायचा असतो पुढच्या मजकुराने. म्हणून कार्यकारिणीला विनंती, की अंदाजपत्रकात लोगोला थोडे आणि चांगल्या ध्वनिमुद्रणाला जास्त रियाल ठेवावेत. मुलांचे शब्द आजीला स्पष्ट ऐकू येणं, हे आधी.