गांडूळ मेले, पण जंत मेला का?

शालेय आणि महाविद्यालयीन विज्ञान प्रदर्शनांत एक प्रयोग वरचेवर पाहायला मिळतो. बशीत गांडुळे, त्यांवर एखाद्या पाल्याचा रस आणि शेजारी घड्याळ. गांडूळ किती मिनिटांत लुळे पडले, किती मिनिटांत मेले याचा तक्ता आणि त्याखाली ठळक अक्षरांत निष्कर्ष : ही वनस्पती जंतनाशक आहे.

विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याकडील औषधनिर्माणशास्त्राच्या नियतकालिकांतही याच पद्धतीचे निबंध वर्षानुवर्षे छापून येत आहेत. प्रयोगाला आपल्या ओळखीचे फेरेटिमा पोस्थुमा आणि तुलनेला पिपरेझीन सायट्रेट किंवा अल्बेंडॅझोल. समर्थन असे, की गांडुळाची रचना आतड्यातल्या जंतासारखी असते.

हे साम्य तपासून पाहू. गांडूळ वलयी संघातले, तर अंकुशकृमी (हुकवर्म) गोलकृमींच्या संघातला. दोघेही लांबट आणि वळवळणारे, एवढेच काय ते साम्य. गांडूळ ओलसर त्वचेने श्वास घेते. त्यावर मीठ टाकले तरी ते मरते. म्हणून मीठ जंतनाशक ठरते का? उलट गोलकृमीच्या अंगावर चिवट आवरण असते आणि तो पाचकरसांच्या सान्निध्यात सुखाने राहतो. शिवाय या प्रयोगांत अर्काची मात्रा बहुधा दर मिलिलिटरला कित्येक मिलिग्रॅम असते. खऱ्या जंतांवरच्या चाचण्या मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट कमी मात्रेत चालतात.

मग अंकुशकृमीवर औषध तपासतात कसे? ॲन्सायलोस्टोमा सेलॅनिकम ही जात हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यात वाढवता येते. त्याच्या विष्ठेतल्या अंड्यांपासून अळ्या मिळतात, तर आतड्यातून प्रौढ कृमी. हे कृमी पोषक द्रावणात ठेवून त्यात औषध मिसळतात आणि ठरावीक तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या हालचालीला गुण देतात. शेजारी नुसत्या द्रावकातले कृमी तुलनेसाठी असतातच. यात उतरलेले औषध बाधा झालेल्या हॅमस्टरला पाजतात आणि आतड्यात किती कृमी उरले ते मोजतात.

ही पद्धत गांडुळापेक्षा कितीतरी सरस आहे, पण तीही निर्दोष नाही. त्वचेतून शरीरात शिरणारी तिसऱ्या अवस्थेतली अळी काही खात नाही, त्यामुळे तोंडावाटे तिच्यात औषध जात नाही. अळीवरचा निकाल प्रौढ कृमीला लागू पडेलच असे नाही. दुसरे असे, की हालचाल थांबणे हेच एकमेव माप धरले, तर अल्बेंडॅझोलच्या कुळातली सावकाश काम करणारी औषधे नापास होण्याचा धोका असतो. ही औषधे कृमीच्या पेशींतल्या ट्युब्युलिन या प्रथिनावर घाला घालतात. त्यांचा परिणाम अंडी उबण्याच्या चाचणीत अधिक स्पष्ट दिसतो. म्हणजे कोणती चाचणी निवडली, यावर उत्तर अवलंबून!

अखेरची परीक्षा माणसातच होते. २००८ साली कायझर आणि उत्झिंगर यांनी अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून पाहिले. एका मात्रेने अंकुशकृमी बरा होण्याचे प्रमाण अल्बेंडॅझोलने ७२ टक्के, तर मेबेंडॅझोलने अवघे १५ टक्के आढळले. दोन्ही औषधे एकाच कुळातली! इमोडेप्साइड हे आधी मांजरांसाठी वापरात आलेले औषध. तेही प्रयोगशाळेतल्या कृमींवर आणि प्राण्यांवर तपासले गेले, तेव्हा कुठे टांझानियातील पेंबा बेटावर माणसांवर त्याची चाचणी झाली. तिचे आशादायक निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

गांडुळाच्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो. ते स्वस्त आहे, सहज मिळते. हॅमस्टर पाळणे सर्वांना परवडत नाही. हे खरे आहे. पण जी फूटपट्टी लांबी मोजतच नाही, ती स्वस्त मिळाली म्हणून काय उपयोग? काटकसरच करायची तर सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा मातीतला मिलिमीटरभर लांबीचा गोलकृमी आहे. तो बशीत जिवाणूंवर वाढतो आणि निदान गोलकृमी तरी आहे. अर्थात तीही पहिली चाळणीच.

हा वाद केवळ तज्ज्ञांचा नाही. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी, १० फेब्रुवारीला, अल्बेंडॅझोलची गोळी मुलांच्या हातावर ठेवण्याचे काम आपण शिक्षकच करतो. 'गोळी कशाला? अमुक पाल्याने जंत मरतात असे पेपरात आले आहे,' असे एखाद्या पालकाने म्हटले तर? अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो. आधीच अशक्त असलेल्या मुलीला त्यातून पंडुरोग जडतो. बशीतल्या गांडुळावर विसंबून गोळी टाळली, तर त्याची किंमत तिच्या रक्तातून जाते.

वनस्पतींत औषधे नसतात असे मुळीच नाही. प्रश्न पुराव्याचा आहे. म्हणून असा प्रयोग किंवा बातमी समोर आली की वर्गात पाच प्रश्न विचारावेत. कोणता प्राणी? त्याची कोणती अवस्था? किती मात्रा? तुलना कशाशी? आणि पोटात गेल्यावर काय होते? एवढे झाले की सहावा विचारावा : शेजारी मिठाच्या पाण्याची बशी ठेवली असती, तर तक्त्यात काय लिहावे लागले असते? गांडूळ न मारताही याचे उत्तर विद्यार्थी देतील आणि तक्त्याखालचा निष्कर्ष बहुधा स्वतःच खोडतील.